आउटपुट आलं, पण बरोबर आलं कशावरून?

प्रॅक्टिकल परीक्षेला एक्सटर्नल म्हणून गेलं की पहिली पंधरा मिनिटं चहा-बिस्किटांत जातात आणि पुढचे तीन तास फॅक्टोरियलमध्ये. मागच्या खेपेला अशाच एका कॉलेजच्या लॅबमध्ये एका मुलाच्या पाठीशी उभा होतो. त्याच्या चिठ्ठीत सी भाषेत फॅक्टोरियल काढायचा प्रोग्राम आलेला, म्हणजे एकपासून दिलेल्या आकड्यापर्यंतच्या सगळ्यांचा गुणाकार. त्यानं पाच दिले, एकशेवीस आले. पोरगा खूश. मी सहज म्हटलं, "आता तेरा दे बरं." त्यानं तेरा दिले. पडद्यावर १९३२०५३५०४ उमटलं. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "आलं, सर."

आलं होतं हे खरंच. फक्त ते उत्तर चुकीचं होतं. तेराचा फॅक्टोरियल ६,२२,७०,२०,८०० असतो, आणि आजच्या संगणकावर साध्या 'इंट'मध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या सीच्या नेहमीच्या भांड्यात, जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. उरलेलं सांडतं आणि भांड्यात जे राहील ते आपल्याला उत्तर म्हणून मिळतं. त्या मुलाला मी एवढंच विचारलं, "एकपासून तेरापर्यंतच्या गुणाकारात पाच किती वेळा येतो?" तो म्हणाला, "पाचात एकदा, दहात एकदा. म्हणजे शेवटी दोन शून्यं." हे त्यानं क्षणाचाही विचार न करता सांगितलं. मग पडद्याकडे बघितलं. तिथं शेवटी चार होता.

त्याच दिवशी शेजारच्या लॅबमध्ये डॉसबॉक्स (डॉसचे जुने प्रोग्राम आजच्या संगणकावर चालवणारं साधन) लावून टर्बो सी हा जुना कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, चालू होता. ती निळी खिडकी, ज्यांनी कुणी गेल्या तीस वर्षांत डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग केलं त्यांना ती सांगायला नको. तिथं 'इंट' सोळा बिटांचा, म्हणजे ३२,७६७ वर झाकण. त्यामुळे आठचाच फॅक्टोरियल -२५२१६ आला. तिथली मुलगी निदान दचकली: "सर, मायनस कसं काय?" जुन्या कंपायलरनं तिची फजिती केली, नव्यानं त्या मुलाला चूक कळूच दिली नाही. दोघांपैकी कोण जास्त शिकलं हे मला नक्की सांगता येणार नाही.

मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. आपण जे मागतो ते ती देतात, आणि आपण आउटपुट मागतो. जर्नलचा साचा डोळ्यांपुढे आणा. उद्देश, अल्गोरिदम, फ्लोचार्ट, प्रोग्राम, आउटपुट, निष्कर्ष. निष्कर्षाचं वाक्य तर छापील असल्यासारखं: अशा प्रकारे प्रोग्राम यशस्वीरीत्या राबवला. हजारो जर्नलांत, दरवर्षी, प्रत्येक प्रॅक्टिकल यशस्वी. प्रोग्राम फसला, कुठं फसला, का फसला, मग काय बदललं हे लिहायला त्या पानावर जागाच नाही. भौतिकशास्त्राच्या जर्नलमध्ये निदान तीन रीडिंग घेऊन सरासरी काढायला लावतात. सीच्या जर्नलमध्ये एका इनपुटवर एक आउटपुट, सही, शिक्का.

माझं म्हणणं असं आहे की सीचं पहिलं प्रॅक्टिकल म्हणजे पडद्यावर नमस्कार छापणं नसावं. पहिलं प्रॅक्टिकल एक छोटा, नीट बांधलेला प्रोजेक्ट असावा, त्यात युनिट टेस्ट असाव्यात, म्हणजे प्रोग्रामचा एकेक छोटा तुकडा (फंक्शन) वेगळा तपासणारा कोड, आणि गुण आउटपुटला न देता टेस्टला द्यावेत. हे ऐकलं की स्टाफरूममध्ये भुवया उंचावतात, कारण 'प्रोजेक्ट' म्हटलं की शेवटच्या वर्षाची काळ्या बाइंडिंगची, सोनेरी अक्षरांची जाड वही आठवते. मी म्हणतोय तो प्रोजेक्ट पाच फायलींचा आहे.

उदाहरण देतो. माझं आवडतं उदाहरण आपल्याच रोजच्या व्यवहारातलं: रक्कम लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह मांडून देणारं फंक्शन. आकडा द्यायचा, त्यानं अक्षरांच्या एका रांगेत १,००,००० असं मांडून द्यायचं. सीच्या छापायच्या फंक्शनला ही आपली पद्धत सरळ हाताशी देता येत नाही, त्यामुळे हे स्वतः लिहावं लागतं आणि नेटवर शोधून मिळणारा बराचसा कोड तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देतो.

आता फायली. एका 'सी' फायलीत फक्त हे फंक्शन. त्याची ओळख सांगणारी एक हेडर फाइल. तिसऱ्या फायलीत 'मेन', म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो तो भाग, जो आकडा विचारतो, फंक्शनला हाक मारतो आणि उत्तर छापतो. चार-पाच ओळी, त्याहून जास्त नाही. चौथ्या फायलीत टेस्ट. आणि पाचवी मेकफाइल, जी हे सगळं जोडते. फंक्शन आणि 'मेन' एका फोल्डरमध्ये, टेस्ट दुसऱ्या. झालं.

यातली खरी गोम 'मेन' वेगळा काढण्यात आहे, आणि ती का आहे हे मुलांना मुद्दाम चुकू देऊनच कळतं. टेस्टची फाइल हादेखील एक प्रोग्रामच, म्हणजे तिलाही स्वतःचा 'मेन' लागतो. ज्यानं फंक्शन आणि 'मेन' एकाच फायलीत ठेवले त्याला टेस्ट जोडताना लिंकर (फायली जोडून एक प्रोग्राम करणारा) ठणकावून सांगतो की 'मेन' दोनदा आला आहे. एका म्यानात दोन तलवारी. मग मुलगा 'मेन' हलवतो आणि हलवताना त्याच्या लक्षात येतं की त्याचं फंक्शन उत्तर परत देतच नव्हतं, ते उत्तर पडद्यावर छापत होतं. छापलेलं उत्तर माणूस वाचू शकतो. दुसरा प्रोग्राम ते तपासणार कसं? छापणं आणि परत देणं यांतला फरक मी फळ्यावर अनेकदा समजावला आहे. लिंकरच्या त्या एका ओळीनं तो जितका पटकन पटतो तितका माझ्या फळ्यानं कधी पटला नाही. आपल्या जर्नलमधले जवळजवळ सगळे प्रोग्राम 'मेन'मध्येच सुरू होतात आणि 'मेन'मध्येच संपतात. स्कॅनएफ (वाचणं), हिशेब, प्रिंटएफ (छापणं), सगळी खिचडी एका पातेल्यात. त्यातला कोणताही दाणा वेगळा काढून चाखता येत नाही.

टेस्टसाठी सुरुवातीला कुठलंही अवजार आणायची गरज नाही. सीच्या सोबतच 'असर्ट' येतो. अट खरी असेल तर गप्प, खोटी असेल तर फायलीचं नाव आणि ओळीचा क्रमांक सांगून प्रोग्राम जागीच थांबवतो. पहिल्या चार प्रॅक्टिकलना तेवढं पुरे. पुढे त्याचे तोटे जाणवू लागतात. पहिल्याच चुकीवर तो थांबतो, बाकीच्या टेस्टचं काय झालं ते कळत नाही. शिवाय कंपाइल करताना एक खूण दिली की सगळे असर्ट गायब होतात, आणि कुणी असर्टच्या कंसातच काम करणारं फंक्शन लिहिलं असेल तर ते कामही गायब. हे घडलं की मग युनिटीसारखी छोटी टेस्ट-चौकट आणावी. तिचा गाभा तीन फायलींचा आहे, पेन ड्राइव्हवरून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकायच्या, इन्स्टॉल काही नाही. ज्या लॅबमध्ये नेट फक्त एचओडींच्या केबिनपर्यंत पोचतं तिथंही चालतं.

आणि मग खरी मजा: कोणते आकडे तपासायचे? मुलं हमखास १२,३४५ पासून सुरू करतात. तो पास होतो. पण पाच अंकांपर्यंत इंग्रजी पद्धत आणि आपली पद्धत सारखीच दिसते! तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देणारा उसना कोडही १२,३४५ ला पास होतो, ९९,९९९ लाही होतो. १,००,००० दिला की बिंग फुटतं. पलीकडच्या टोकाला १०० देऊन बघा. दर तीन अंकांनंतर डोळे मिटून स्वल्पविराम टाकणारं फंक्शन शंभराच्या आधीही एक स्वल्पविराम टांगतं. शून्य दिलं तर 'जोवर आकडा उरला आहे तोवर' असं म्हणणारं लूप एकदाही फिरत नाही आणि रिकामी रांग परत येते. शून्य रुपये म्हणजे काहीच न लिहिणं नव्हे, हे बँकेचं पासबुक बघितलेल्या कुणालाही मान्य व्हावं.

एवढं झाल्यावर सर्वांत मोठा आकडा. २,१४,७४,८३,६४७. दहा अंक, चार स्वल्पविराम, म्हणजे चौदा घरं. मुलं चौदाचा ॲरे घेतात. सीमध्ये अक्षरांच्या रांगेच्या शेवटी एक शून्य-अक्षर बसतं, त्याला पंधरावं घर हवं. चौदाच्या ॲरेत प्रोग्राम बहुतेक वेळा बिनबोभाट चालतो, आउटपुटही बरोबर येतं, आणि शेजारच्या कुणाच्या तरी मेमरीत एक बाइट शांतपणे पुसली जाते. ही गोष्ट आउटपुट बघून कधीच सापडत नाही. लिनक्सवरच्या जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरला मेमरी तपासणारा सॅनिटायझर जोडून टेस्ट चालवली की तो नेमकी ओळ दाखवतो. ते नसेल तर साधी गावठी युक्ती: टेस्टमध्ये वीस घरांचा ॲरे घ्यायचा, फंक्शनला चौदाच घरं आहेत असं सांगायचं, पंधराव्यात खुणेचं एक अक्षर ठेवायचं आणि काम झाल्यावर ते जागेवर आहे का बघायचं. उंबऱ्याबाहेर रांगोळी काढून ठेवावी आणि सकाळी पुसली आहे का बघावं, तसं.

सी शिकवण्यातला सगळा कठीण भाग या एका फंक्शनमध्ये येऊन जातो: मर्यादा, मेमरी, शेवटचं शून्य-अक्षर, परत देणं. आणि तो भाग टेस्टमुळे समोर येतो. नुसतं आउटपुट मागितलं असतं तर १२,३४५ वर सही होऊन मुलगा घरी गेला असता.

कुणी म्हणेल, हे सगळं पहिल्या वर्षाला अति होतंय. लीप वर्षाचं प्रॅक्टिकल तर अतिसामान्य आहे ना? त्याचीच एक गोष्ट. ३१ डिसेंबर २००८ ला मायक्रोसॉफ्टचे तीस जीबीचे झ्यून म्युझिक प्लेयर जगभर एकदम गोठले. कारण घड्याळाच्या ड्रायव्हरमधलं सीचं एक लूप. १ जानेवारी १९८० पासूनचे दिवस मोजून तारीख काढायची, म्हणून दिवस ३६५ पेक्षा जास्त असेपर्यंत ते फिरत होतं. वर्ष साधं असेल तर ३६५ वजा करायचे. वर्ष लीप असेल, तर दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का बघायचं आणि असतील तरच ३६६ वजा करायचे. आता लीप वर्षाच्या शेवटच्या दिवशी उरलेले दिवस असतात बरोबर ३६६. ते ३६५ पेक्षा जास्त, म्हणून लूप सुरूच. ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून वजा काही नाही. घाण्याचा बैल. कंपनीनं ग्राहकांना सांगितलं की बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीच्या दुपारनंतर चालू करा. दिवस बदलला, यंत्र आपोआप बरं झालं.

१९०० लीप नाही, २००० लीप आहे, हे त्या ड्रायव्हर लिहिणाऱ्याला ठाऊकच असणार. आपल्या जर्नलमध्येही तेवढंच तपासतात. चुकलं ते कड्यावर: वर्षाचा शेवटचा दिवस. पहिला दिवस, शेवटचा दिवस, त्याच्या आधीचा, नंतरचा अशा चार ओळींच्या टेस्टमध्ये ते सापडलं असतं. खरं तर टेस्ट नापास न होता अडकूनच बसली असती, पण अडकलेली टेस्ट ऑफिसात कुणाला तरी दिसते. अडकलेला प्लेयर ग्राहकाला दिसला.

याहून महागात पडलेलं प्रकरण २०१४ चं. ओपनएसएसएल ही इंटरनेटवरच्या कुलपांसाठी वापरली जाणारी सीमधली लायब्ररी. तिच्यात एक साधा संवाद होता: मी इतक्या लांबीचा मजकूर पाठवतोय, तो तसाच परत पाठव. पाठवणाऱ्यानं सांगितलेली लांबी आणि प्रत्यक्ष आलेला मजकूर जुळतो का, हे कुणी बघतच नव्हतं. एक अक्षर पाठवा, लांबी हजारोंची सांगा, सर्व्हर स्वतःच्या मेमरीतलं चौसष्ट केबीपर्यंत जे काही शेजारी असेल ते उचलून देणार. पासवर्ड असले तर पासवर्ड. हार्टब्लीड नावानं ते गाजलं. खोटी लांबी सांगणारी टेस्ट लिहायला प्रतिभा लागत नाही, फक्त समोरचा खोटं बोलू शकतो हा संशय लागतो. तो संशय पहिल्या सेमिस्टरला लावता येतो.

दुसरं टोकही बघा. तुमच्या-माझ्या फोनमध्ये असलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस सीमध्येच लिहिला आहे. त्याच्या लेखकांनी दिलेल्या हिशेबानुसार मूळ कोडच्या सुमारे ५९० पट टेस्टचा कोड आहे. एक ओळ लिहायची आणि पाचशे नव्वद ओळींनी तिची उलटतपासणी घ्यायची. आपल्या मुलांकडून मी पाचपट मागतोय, आणि तीही हक्कानं नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रात तरी केवळ शिक्षणशास्त्राचा नाही. पुणे-चाकण-तळेगाव पट्ट्यात गाड्यांसाठी लिहिला जाणारा कोड अजूनही मुख्यतः सीमध्ये आहे. मीही तेच करून पोट भरतो. तिथं १९९८ पासूनची, सुरक्षित सी कसं लिहावं हे सांगणारी मिस्रा-सीची नियमावली पाळावी लागते, आणि २०११ पासून आयएसओ २६२६२ हे प्रमाण ब्रेक, स्टिअरिंग अशा कोडसाठी प्रत्येक युनिट वेगळं तपासल्याचा पुरावा मागतं. नव्यानं आलेल्या मुलांना आम्ही पहिले काही महिने काय शिकवतो? 'मेन' वेगळा ठेव, फंक्शन छोटं ठेव, टेस्ट लिही, कंपायलरच्या सूचना वाच. म्हणजे कॉलेजनं जे पहिल्या आठवड्यात शिकवायला हवं होतं तेच, पगार देऊन. टर्बो सीनं लावलेली व्हॉइड मेन आणि क्लिअर-स्क्रीनची सवय सोडवायला वेळ जातो तो वेगळाच. टर्बो सी १९८७ मध्ये बाजारात आला, तेव्हा सीचं पहिलं अधिकृत प्रमाणही ठरलेलं नव्हतं. ते १९८९ ला आलं. इनपुट किती लांबीचं आहे याची पर्वा न करणारं 'गेट्स' हे फंक्शन २०११ च्या प्रमाणातून काढूनच टाकलं. आपल्या काही लॅबमध्ये ते अजून सुखात नांदतंय.

आता हरकतींकडे येतो. त्या मी स्टाफरूममध्ये ऐकल्या आहेत आणि सगळ्या चुकीच्या नाहीत.

सर्वांत वजनदार हरकत शिक्षकांची. तासिका तत्त्वावर काम करणारा माणूस, दोन-तीन कॉलेजांत धावपळ, वीस-बावीस मुलांच्या बॅचेस, अर्धी मशिनं बंद, अभ्यासक्रमाचं मॅन्युअल वरून ठरलेलं आणि निरीक्षणाला येणारी समिती जर्नलची पानं मोजणारी. त्याला मी म्हणायचं, आता मेकफाइलही शिकव! हे मला पटतं, म्हणूनच मी कधीच म्हणत नाही की मुलांनी मेकफाइल लिहावी. 'मेक' हे अवजार स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये बनवलं, आणि त्यात आज्ञेची ओळ टॅबनंच सुरू व्हायला हवी, स्पेस चालत नाहीत, असा एक विचित्र नियम राहून गेला. पुढे तो बदलायचं त्यांच्या मनात आलं तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते, आणि त्यांची पंचाईत नको म्हणून नियम तसाच ठेवला. त्या डझनभर लोकांच्या सोयीसाठी आज जगातला प्रत्येक नवशिका अर्धा तास डोकं धरून बसतो. आपल्या पोरांना त्यात ढकलायचं कारण नाही. शिक्षकानं तयार सांगाडा द्यावा, मुलांनी त्यात फंक्शन आणि टेस्ट लिहाव्यात. दही लावायला कुणी जिवाणू शोधत बसत नाही. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणतो. आणि हे विरजण एकदा एका शिक्षकानं केलं की जिल्ह्याला पुरतं.

तपासणीचा भारही वाढत नाही, घटतो. आज शिक्षक प्रत्येक पडद्यामागे उभा राहून आउटपुट डोळ्यांनी बघतो. टेस्ट असतील तर एक आज्ञा द्यायची: पास झालं तर शून्य परत येतं, नाही तर ओळीचा क्रमांक. वाचलेल्या वेळात तो मुलाला विचारू शकतो, हीच टेस्ट का निवडलीस?

लॅब नाही, लॅपटॉप नाही ही दुसरी हरकत. खरी आहे. पण अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे ॲप घेतलं तर क्लँग आणि मेक दोन्ही चालतात. छोट्या पडद्यावर टाइप करताना बोटं दुखतात एवढंच, आणि आमची पिढी तर पंचवीस रुपये तास दराच्या सायबर कॅफेत शिकली. मराठीतून सी समजून घ्यायचं साधन नाही असंही नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे सीचे धडे मराठी आवाजात आहेत.

मग कॉपीची हरकत. "जर्नल कॉपी करतात, टेस्टही करतील." करतील की. म्हणून टेस्ट स्वतःच्या कोडवर चालवायच्याच नाहीत, शेजाऱ्याच्या कोडवर चालवायच्या. एक नंबरच्या टेस्ट दोन नंबरच्या फंक्शनवर, दोनच्या तीनवर. दुसऱ्याचा कोड जिनं फोडला तिला गुण. ज्याचा फुटला त्यानं दुरुस्त केला तर त्यालाही. हे एका बॅचमध्ये करून बघितलं तेव्हा लॅबमध्ये जो गोंगाट झाला तो गॅदरिंगच्या तोडीचा होता. कॉपी करण्यात आता तोटा होता, कारण ज्याच्याकडून कॉपी केली त्याची चूकही आपल्याच माथी यायची. आता तर मुलं चॅटजीपीटीकडून आख्खा प्रोग्राम लिहून घेतात आणि तो टर्बो सीच्या जर्नलपेक्षा देखणा असतो. अशा वेळी 'लिहिता येतं का' हा प्रश्न परीक्षेत विचारण्यात फार जीव उरलेला नाही. 'हे बरोबर आहे कशावरून' हा उरतो.

"सी जुनं झालं, पायथन शिकवा" यावर वाद घालत नाही. शिकवा. तिथंही टेस्ट लागतातच, आणि सगळ्यांत जास्त वापरला जाणारा पायथनचा इंटरप्रिटर सीमध्येच लिहिलेला आहे.

एक हरकत मात्र कुणी घेत नाही, ती मीच घेतो. टेस्ट लिहिणाऱ्याचाच समज चुकीचा असेल तर टेस्टही त्याच चुकीला पास करते. आर्मस्ट्राँग संख्येचं प्रॅक्टिकल घ्या. बहुतेक जर्नलांत 'अंकांच्या घनांची बेरीज' अशी व्याख्या असते. १५३, ३७०, ३७१, ४०७ सगळे पास. पण १६३४ ही चार अंकी आर्मस्ट्राँग संख्या आहे, आणि तिथं चौथा घात घ्यावा लागतो. ज्यानं व्याख्याच घनांची धरली तो १६३४ ची टेस्ट लिहिलीच तर 'नाही' असं उत्तर अपेक्षित धरून लिहील, आणि ती दिमाखात पास होईल. टेस्टनं चुका असल्याचं दाखवता येतं, नसल्याचं नाही, हे संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा पन्नासेक वर्षांपूर्वी सांगून गेले. म्हणून टेस्ट हे जर्नलमधल्या 'यशस्वीरीत्या राबवला'चं नवं रूप होऊ नये. सगळ्या टेस्ट हिरव्या, सही, शिक्का, असं झालं तर आपण फक्त निळ्या खिडकीचा रंग बदलला.

मागणी तशी माफक आहे. मंडळानं आणि विद्यापीठांनी अभ्यासक्रम उलथवायची गरज नाही. प्रॅक्टिकलच्या गुणांतले चार-पाच गुण टेस्टसाठी राखावेत, जर्नलच्या पानावर 'आउटपुट'च्या जागी 'काय तपासलं आणि काय फसलं' असं लिहावं, आणि एक्सटर्नलनं व्हायव्हाला सीची व्याख्या न विचारता, तुझा प्रोग्राम मोडेल असा एक आकडा सांग, असं म्हणावं. बाकी प्रॅक्टिकलची यादी तीच राहू द्या. फॅक्टोरियलशी माझं काही वैर नाही.

ज्या बॅचमध्ये रुपयांचं फंक्शन दिलं होतं तिथं, अजून कुणी एक ओळही लिहिली नव्हती, तोच एका मुलीनं हात वर केला. "सर, टेस्टमध्ये उणे आकडा घालायचा का? उणे रुपये असतात का?" मी उत्तर द्यायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "असतात की. आमच्या दुकानाच्या वहीत असतात, उधारी." दुसरा म्हणाला, उधारी वेगळ्या रकान्यात लिहितात, चिन्ह लावत नाहीत. मग फंक्शननं उणे नाकारायचं की चिन्ह लावून मांडायचं यावर दहा मिनिटं जुंपली, मतदान झालं, चिन्ह लावायचं ठरलं. तेवढ्यात ती मुलगी बोटांवर काहीतरी मोजत होती. अंक, स्वल्पविराम, शेवटचं शून्य-अक्षर. मग म्हणाली, "सर, मग पंधरा घरं पुरणार नाहीत."